काळा शेल दिसला की लगेच ‘सोर्स’ लिहू नका

मडलॉगिंगला, म्हणजे तेलविहीर खोदताना वर येणारे खडकाचे कण आणि वायू तपासायला, नवीन माणूस आला की ट्रेमधला काळा कण सोर्स रॉक आणि राखाडी कण सील, असं सरळ लिहून मोकळा होतो. त्यालाही दोष देता येत नाही, दोन्ही बहुधा शेलच (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) असतात. फरक कामात आहे: सोर्स तेल तयार करतो, सील ते वर निसटू देत नाही.

सोर्सचा पुरावा कणाच्या आतच असतो. नमुना धुवा आणि ओला असतानाच रंग बघा. माझ्या मते काळ्यापेक्षा चॉकलेटी छटा जास्त बोलकी. सुईने ओरखडल्यावर भुकटी तपकिरी पडली, तर चिमूटभर कण टेस्ट ट्यूबमध्ये तापवा. तपकिरी धूर निघून नळीच्या थंड भागावर तेलकट थेंब जमले, की आत केरोजेन (ज्यापासून तेल बनतं तो सेंद्रिय पदार्थ) आहे. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाच्या बारीक कणांनीही शेल काळा दिसतो, पण तो तापवल्यावर गंधकाचा वास येतो, तेल नाही. अतिपक्व, म्हणजे गरजेपेक्षा जास्त शिजलेला सोर्स मात्र या चाचणीत गप्प बसतो, म्हणून शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा: सेंद्रिय कार्बन साधारण १ टक्क्याच्या वर हवा, आणि पायरोलिसिसमधलं (नमुना तापवून करायच्या चाचणीतलं) टी-मॅक्स, म्हणजे केरोजेनमधून सर्वाधिक तेल-वायू सुटतो ते तापमान, सुमारे ४३५ अंश सेल्सिअस ओलांडत असेल तर खडक तेल बनण्याइतका शिजलाय. त्याआधी मडमध्ये (विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या खोदाईच्या चिखलात) काय काय ओतलंय ते विचारा. लिग्नाइट (तपकिरी कोळसा), गिल्सोनाइट (नैसर्गिक डांबर) किंवा डिझेल असेल, तर साधा शेलही श्रीमंत दिसतो.

सीलचं तसं नाही. कणातली छिद्रं किती अरुंद आहेत ते पारा दाबून मोजता येतं, पण थर किती दूर पसरलाय, त्याला भेगा आहेत का, हे आधीच फुटलेला तुकडा काय सांगणार? बोटांत दाबल्यावर चपटा होणारा मऊ शेल भेगा सहसा टिकू देत नाही. सिलिका जास्त असलेला, कडक तुकड्यांत मोडणारा शेल धोक्याचा.

सगळ्यात भक्कम सील म्हणजे अ‍ॅनहायड्राइट (निर्जल कॅल्शियम सल्फेट) आणि मीठ. सौदीतल्या घवार तेलक्षेत्रातलं तेल अ‍ॅनहायड्राइटखाली अडकलंय. अ‍ॅनहायड्राइटचा पांढरा कण आम्लात फसफसत नाही. गरम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बेरियम क्लोराइड टाकलं की पांढरा साका दिसतो. मीठ तर गोड्या पाण्याच्या मडमध्ये विरघळूनच जातं. शेकरवर (मडमधून कण वेगळे करणाऱ्या चाळणीवर) जवळजवळ काहीच येत नाही आणि मडमधलं क्लोराइड चढत जातं. इथे नमुना नसणं हाच नमुना.

उत्तर समुद्रातला किमरिज क्ले हा शेल तर काही ठिकाणी दोन्ही कामं करतो. तेव्हा सीलसाठी कणापेक्षा मडमधून वर येणाऱ्या गॅसचा आलेख बघावा: शेलभर नुसता थोडा मिथेन, आणि बिट (खोदणारं टोक) खालच्या वाळूत शिरताच ब्युटेन-पेंटेन या जड वायूंसकट उसळी. फक्त लॅग टाइम (तळातला कण-वायू वर पोचायला लागणारा वेळ) धरूनच खोली लावायची, नाहीतर ती उसळी खऱ्या जागेपेक्षा खोल थराच्या नावावर जाते.