स्वस्तातलं मॅच पिस्तूल आणि न्यूटनचा तिसरा नियम

डॅलसला माझा एक जुना विद्यार्थी असतो, मूळचा सांगलीचा, आयटीत आहे, आणि दोनेक वर्षं झाली त्याला प्रॅक्टिकल शूटिंगचा नाद लागलाय. परवा मेसेज आला, "सर, उधारीचं पिस्तूल पुरे झालं, आता स्वतःचं घ्यायचंय. साडेपाचशे डॉलरचं घेऊ का साडेतेराशेचं? नक्की फरक काय पडतो?" आता मी काही बंदूकवाला माणूस नाही, आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पण गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडं होतो तेव्हा कानाला मफ लावून दोन मॅच मागं उभं राहून बघितल्या होत्या, आणि हा पठ्ठ्या संवेगाच्या गणितात दरवेळी गचकायचा हे मला पक्कं आठवत होतं. म्हटलं चला, वीस वर्षांनी का होईना तास पुरा करू.

पहिल्यांदा खेळ काय ते सांगतो, कारण आपल्याकडं शूटिंग म्हटलं की राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे, म्हणजे एका जागी उभं राहून (किंवा झोपून) श्वास रोखून नेम धरणं. हे वेगळं आहे. इथं माणूस पळतो, भिंतीआडून डोकावतो, पुठ्ठ्याच्या टार्गेटवर बहुतेक वेळा दोन-दोन गोळ्या मारतो, मधेच मॅगझिन (काडतुसांची डबी) बदलतो, आणि मागं एक जण टायमर घेऊन पळत असतो. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावात स्थापन झाली, जेफ कूपर पहिला अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिनमधलं तीन शब्दांचं, अचूकता, ताकद, वेग. आणि गंमत म्हणजे ते तिन्ही शब्द थेट मार्कांच्या सूत्रात बसवलेत.

मार्क कसे, तर मिळालेले पॉइंट भागिले लागलेले सेकंद. याला हिट फॅक्टर म्हणतात. टार्गेटच्या मधल्या ए भागाला ५, त्याच्या बाहेर सी ला ३, अगदी कडेच्या डी ला १. समजा १२ गोळ्यांची स्टेज, म्हणजे मॅचमधला एक डाव, आहे. एकानं सगळ्या ए मध्ये मारल्या, ६० पॉइंट, पण ६ सेकंद घेतले, झाले १०. दुसऱ्यानं ९ ए आणि ३ सी मारले, ५४ पॉइंट, पण ५ सेकंदात, त्याचे १०.८. म्हणजे जरा कमी नेमका पण झटपट माणूस पुढं गेला. हे डोक्यात ठेवा कारण पिस्तुलाच्या दुकानात विकणारा माणूस अचूकतेबद्दल बोलत राहतो, आणि या खेळात अचूकतेवर गाडी क्वचितच अडते. इथला ए भाग साधारण १५ सेंटिमीटर रुंद आणि २८ सेंटिमीटर उंच, आणि बरीचशी टार्गेटं १५ मीटरच्या आतच. एवढ्या अंतरावर साडेपाचशेचं पिस्तूलसुद्धा स्टँडला बांधून झाडलं तर एकमेकांना जवळजवळ चिकटलेली भोकं पाडतं. नेम चुकतो तो माणसाचा.

मग ताकदीचं काय? इथं खरं फिजिक्स येतं. कुणी अगदी फुसक्या गोळ्या वापरून झटका टाळू नये म्हणून नियम आहे, पॉवर फॅक्टर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले हजार. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ही संख्या किमान १२५ पाहिजे, त्याला मायनर म्हणतात. अजून जोरदार काडतूस वापरलं, अमेरिकन नियमात १६५ किंवा जास्त, तर मेजर, आणि मग सी ला ३ ऐवजी ४ आणि डी ला २. आता वजन गुणिले वेग म्हणजे काय रे, असं मी त्याला विचारलं. बराच वेळ टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं आणि मग उत्तर आलं, "संवेग?" वीस वर्षं लागली पण आलं.

हा संवेग नियमानं बांधून टाकलाय हे सगळ्यात महत्त्वाचं. १२४ ग्रेनची गोळी, म्हणजे ८ ग्रॅम, सेकंदाला १०५० फूट म्हणजे ३२० मीटर वेगानं, पॉवर फॅक्टर झाला १३०. (बरोब्बर १२५ वर कोणी राहत नाही, मोठ्या मॅचला वेग मोजायचं यंत्र असतं, काडतूस उघडून गोळीचं वजन करतात, आणि आकडा खाली आला तर अख्ख्या मॅचचा स्कोअर शून्य. दारू थंडीत जरा मंद जळते, म्हणून चार-पाचची शिल्लक ठेवायची.) गोळीचा संवेग झाला २.५७ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं तेवढाच संवेग उलट दिशेनं पिस्तुलाला मिळणार, स्वस्त असो की महाग. त्यातून सुटका नाही.

पण हाताला जे जाणवतं ते नुसता संवेग नाही. ग्लॉकसारखं प्लास्टिक फ्रेमचं (खालच्या सांगाड्याचं) पिस्तूल रिकाम्या मॅगझिनसकट ७०० ग्रॅमच्या आसपास. चेक बनावटीचं सीझी शॅडो २, सगळं स्टीलचं, १३३० ग्रॅम. त्याच २.५७ ला वजनानं भागा, हलकं पिस्तूल मागं येऊ पाहतं ३.७ मीटर प्रति सेकंदानं, जड १.९ नं. आणि गतिज ऊर्जा काढली, संवेगाचा वर्ग भागिले दुप्पट वजन, तर हलक्यात ४.७ ज्यूल आणि जडात २.५. जवळजवळ निम्मी! गोळी तीच, नियम तोच, फक्त लोखंड जास्त. मुळात पिस्तुलाच्या मागं हात असतो, मनगट असतं, स्लाइड (पिस्तुलाचा मागंपुढं सरकणारा वरचा भाग) आणि स्प्रिंग झटका थोडा पसरवून देतात, गोळीमागच्या वायूचाही थोडा धक्का असतो, त्यामुळं खरे आकडे एवढे स्वच्छ नसतात, पण दिशा हीच. साडेतेराशे डॉलरमधले बरेचसे डॉलर तुम्ही या जडपणाचे देता असं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला "म्हणजे सर किलोवर विकतात की".

यावर एक शंका हमखास येते, की झटक्यानं नळी वर उडते म्हणून गोळी वर जाते का. तर ती गोळी नाही जात फारशी. गोळी नळीत असते एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ, तेवढ्यात नळी आणि स्लाइड मागं सरकतात जेमतेम एक-दोन मिलिमीटर. नळी उचललेली आपल्याला दिसते तोपर्यंत गोळी पुठ्ठ्यातून पार झालेली असते. झटक्याचा त्रास होतो तो पुढच्या गोळीला. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, परत जागेवर यायला किती वेळ, आणि ती दरवेळी त्याच जागी येते का, एवढाच प्रश्न. चांगले शूटर दोन गोळ्यांमध्ये ०.२ सेकंद किंवा त्याहून कमी घेतात, आणि डोळ्यानं बघून बोट हलवायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे पहिल्या झटक्याला 'प्रतिसाद' देऊन दुसरी गोळी मारणं शक्यच नाही, मेंदूनं आधीच अंदाज बांधलेला असतो. हा अंदाज हजारो गोळ्या झाडूनच येतो. याचा खिशाशी संबंध आहे, पुढं सांगतो.

कॅलिबर कोणतं, यावर मात्र वाद घालू नका, नवीन माणसानं ९ मिलिमीटरच घ्यायचं. जॉर्ज लुगरनं विसाव्या शतकाच्या तोंडावर काढलेलं हे काडतूस आज जगात सगळीकडं मिळतं आणि सगळ्यात स्वस्त मिळतं. .४० कॅलिबरनं मेजर खेळता येतं, सी चा एकेक पॉइंट वाचतो, पण १३० च्या जागी १६५ म्हणजे संवेग २७ टक्के जास्त, आणि ऊर्जा वर्गानं वाढते, म्हणजे ६० टक्क्यांच्या वर. शिवाय प्रत्येक गोळीला जास्त पैसे. पहिल्या वर्षात तो एक पॉइंट परवडत नाही, ना खांद्याला ना बँकेला.

९ मिलिमीटरमध्येच अजून एक फुकटातली गंमत आहे. ११५ ग्रेनची हलकी गोळी १३० पॉवर फॅक्टरला न्यायची तर ११३० फूट वेग लागतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या आसपास, जोरात कडाका होतो. १४७ ग्रेनची जड गोळी तेच काम ८८५ फुटात करते. संवेग सारखाच, पण दारू कमी, नळीच्या तोंडातून निघणारा वायू कमी, त्यामुळं बरेच जण म्हणतात की झटका मऊ लागतो, ढकलल्यासारखा. काहींना उलट तो सुस्त वाटतो. इथं आवडीचा भाग आहे, प्रत्येकी एकेक डबा झाडून बघायचा.

आता ट्रिगर, म्हणजे चाप. (मुंबईत काही मंडळी अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, ते सोडा.) माझ्या मते स्वस्त आणि महाग यात वजनानंतरचा खरा फरक इथं आहे. चाप ओढायला अडीच किलोचा जोर लागत असेल आणि पिस्तूलच ७०० ग्रॅमचं असेल, तर तुम्ही पिस्तुलाच्या वजनाच्या साडेतीनपट जोर त्याच्यावरच लावताय, तेही एका बोटानं, तेही घाईत. पिस्तूल हलणारच की. नुसता जोर कमी असून भागत नाही, चाप सरकताना कुठं अडतो, कुठं सुटतो, आणि सुटल्यावर परत 'क्लिक' व्हायला किती पुढं सोडावा लागतो हे दरवेळी तंतोतंत सारखं पाहिजे, कारण मेंदूचा तो अंदाज यावरच बसतो. तुर्कस्तानच्या सामसुन शहरातल्या कॅनिक कंपनीची प्लास्टिकची पिस्तुलं एवढी खपली ती यामुळंच, पाचशे-साडेपाचशे डॉलरच्या आसपास आणि चाप मात्र त्या किमतीला न शोभणारा चांगला. ग्लॉक ३४ थोडं महाग, चाप जरा ओबडधोबड, पण सुटे भाग कुठल्याही दुकानात, आणि वीस-तीस डॉलरच्या स्प्रिंगनं चाप बराच सुधारतो. फक्त तुमच्या डिव्हिजनला (पिस्तुलाच्या प्रकारावरून पाडलेल्या स्पर्धेच्या गटाला) काय बदल चालतो ते आधी वाचा.

सीझीची गोष्ट वेगळी. चेकोस्लोव्हाकियात १९७५ मध्ये कौत्स्की बंधूंनी जे सीझी ७५ काढलं त्यात स्लाइड फ्रेमच्या बाहेरून नाही तर आतल्या खाचेतून सरकते. त्यामुळं स्लाइडची उंची कमी होते आणि नळी हाताच्या जवळ येते. नळी हातापासून जेवढी वर तेवढा तरफेचा दांडा लांब आणि तेवढं तोंड जास्त उचलणार, पान्ह्याचा दांडा लांब असला की नट सोपा फिरतो तेच इथं उलट अंगावर येतं. शॅडो २ त्याच घराण्यातलं, २०१६ चं, आणि आयपीएससीच्या प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये ते पावलोपावली दिसतं. ज्याला ते झेपत नाही पण स्टीलच हवंय त्यानं सेकंडहँड सीझी ७५ एसपी-०१ शोधावं, माझं वैयक्तिक मत विचाराल तर हाच सगळ्यात शहाणा सौदा आहे. ९ मिलिमीटरची नळी हजारो, दहा हजारो गोळ्या सहज खाते, जुनी स्प्रिंग बदलली की झालं.

रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, घ्यावा का? चाळिशीच्या पुढं असाल तर घ्याच. साध्या साइटमध्ये मागची खाच, पुढचा कांडा आणि टार्गेट अशा तीन अंतरांवरच्या गोष्टी एका डोळ्यानं जुळवायच्या, आणि चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग कडक होत जातं, जवळचं फोकस होत नाही. डॉटमध्ये तुम्ही टार्गेटकडंच बघायचं, ठिपका आपोआप त्याच्यावर तरंगतो. ६ एमओएचा (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका १० मीटरवर जेमतेम १७ मिलिमीटर झाकतो, १५ सेंटिमीटरच्या ए भागात तो काहीच नाही. पण डॉट लावला की डिव्हिजन बदलते, आणि दोनशे ते पाचशे डॉलर वाढतात.

आणि आता खिसा. पिस्तूल एकटं येत नाही. चार-पाच मॅगझिन, प्रत्येकी तीस ते पन्नास डॉलर, पट्टा, होल्स्टर, पाउच, मॅचची फी. त्याच्या पुढं गोळ्या. अमेरिकेत ९ मिलिमीटरची साधी गोळी पंचवीस सेंटच्या आसपास पडते. महिन्याला एक मॅच दीडशे गोळ्यांची आणि सराव पाचशेचा धरला तर वर्षाला आठ हजार होतात, म्हणजे दोन हजार डॉलर, दरवर्षी. दोन पिस्तुलांतला फरक आठशे डॉलर, म्हणजे ३,२०० गोळ्या, पाच महिन्यांचा पुरता सराव! मी त्याला एवढंच विचारलं की पाच महिने सराव केलेला तू स्वस्त पिस्तूल घेऊन, आणि सराव न केलेला तू महाग पिस्तूल घेऊन, एकमेकांविरुद्ध उभे राहिलात तर कोण जिंकेल.

त्याच्याच क्लबातल्या एकाचं उदाहरण मी डोळ्यानं बघितलंय. अडीच-तीन हजारांचं चकचकीत मशीन, आणि तिसऱ्या गोळीला अडकायचं. टॉलरन्स (भागांमधली मोकळीक) इतका घट्ट की मॅगझिनच्या ओठात जरा फरक पडला की काडतूस वर चढेना. तो बिचारा खटाखट स्लाइड ओढतोय आणि टायमर चालूच. हिट फॅक्टरच्या सूत्रात अडकलेल्या तीन सेकंदांना माफी नाही, छेद वाढला की वाढला.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आपल्याकडं ९ मिलिमीटर हे सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळं हे सगळं इथं दुकानात जाऊन घेण्यासारखं नाही. हौस असेल तर १० मीटर एअर पिस्तूल, आणि तिथला हिशोब अगदी उलटा, झटका जवळपास नाही, चापाचा जोर किमान ५०० ग्रॅम, आणि सगळा खेळ हात स्थिर ठेवण्याचा.

शेवटी पठ्ठ्या दुकानात गेला, मी सांगितलं होतं की काचेआडून बघून घेऊ नको, हातात धर, रिकामं आहे याची दोनदा खात्री कर, दुकानदाराला विचारून सुरक्षित दिशेला धरून चाप ओढ. शॅडो २ ची पहिली गोळी घोडा (इथं मागची छोटी हातोडी) खाली ठेवून मारायची असते, तिथं चाप बराच पुढं असतो, आणि याची बोटं आखूड, पहिलं पेरं पोचेना, पकड फिरवावी लागत होती. कॅनिक बरोबर बसलं. उरलेल्या पैशात त्यानं १२४ ग्रेनचे दोन मोठे खोके उचलले आणि बायकोला बिलाचा फोटो पाठवला नाही असं मला कळलंय.