ओट्यावरच्या वहीपासून सामायिक कॅलेंडरापर्यंत: कोकणातल्या घरगुती निवासांच्या बुकिंग सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. पुढे तारकर्ली, गुहागर, दिवेआगरला घरातल्या जादा खोल्या पाहुण्यांना मिळू लागल्या. बुकिंग फोनवर यायचं आणि वहीत उतरायचं. त्या वहीला कमी लेखू नये. ती एकच होती, म्हणून एक खोली एका रात्री दोघांना दिली जाणं अवघड होतं.

सॉफ्टवेअरची खरी गरज पडली ती वह्या अनेक झाल्यावर. व्हॉट्सॲपवर एक बुकिंग, मोठ्या पोर्टलवर दुसरं, मुंबईतल्या भावाने परस्पर घेतलेलं तिसरं. या कामातल्या छोट्या कंपन्या बहुधा वेबसाइट करून देणाऱ्या होत्या. त्यांचं पहिलं साधन म्हणजे चौकशीचा फॉर्म, आणि तो फक्त मालकाला ईमेल पाठवायचा. पुढची पायरी कॅलेंडरची, आणि तिथे पहिली चूक ठरलेली. 24 ते 26 डिसेंबर म्हणजे तीन तारखा, पण रात्री दोनच. तारखा मोजणारं सॉफ्टवेअर 26 ची रात्रही अडवतं आणि ऐन नाताळात खोली रिकामी राहते. हिशोब रात्रींचाच ठेवायला हवा.

हॉटेलांसाठीची तयार सॉफ्टवेअर इथे अडखळली ती दरावर. त्यांच्याकडे दर खोलीचा, कोकणात बऱ्याच घरी तो माणशी: चहा-नाश्ता आणि दोन जेवणं धरून, लहान मुलांना अर्धा, जादा गादीचे वेगळे, सुरमई-पापलेटचं ताट बाजारभावाने. म्हणून शिल्लक मोजायची खोल्यांची आणि बिल करायचं माणसांचं, असे दोन तक्ते वेगळे ठेवावे लागले. मासळी सकाळी घ्यायची, तर आकडा आदल्या रात्री हवा. त्यामुळे ‘उद्या शाकाहारी किती, मासे खाणारे किती’ ही स्वयंपाकघराची यादी मालकांना सगळ्या आलेखांपेक्षा मोलाची वाटते, आणि ते रास्तच आहे.

पोर्टलशी जोडणी सुरुवातीला आयकॅल फाइलने, म्हणजे कॅलेंडरातल्या नोंदी देण्याघेण्याच्या फाइलने झाली. ती ठरावीक वेळाने वाचली जाते, कधी दोन-तीन तासांनी. मे महिन्यातल्या शनिवारी तेवढ्या वेळात शेवटची खोली दोनदा विकली जाते. दोन सॉफ्टवेअर एकमेकांना लगेच कळवतात अशी थेट एपीआय जोडणी परवडत नसेल तर गर्दीच्या दिवसांत एक खोली पोर्टलवर न टाकणं हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि ॲडव्हान्स क्षणात मिळू लागला, पण पैसे मध्येच अडकून राहण्याचा, ‘पेंडिंग’चा घोळही आला. खोली पंधरा मिनिटं राखून ठेवली, ती सुटून दुसऱ्याला गेली आणि मग पहिल्याचे पैसे जमा झाले, तर परतावा आपोआप निघायला हवा. ती सोय नसेल तर भांडण मालकाच्या दारात येतं.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ धडकलं. त्यानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं. फक्त इंटरनेटवर असलेली बुकिंगची यादी अशा वेळी उघडतच नाही. पुढच्या सात दिवसांची यादी फोनमध्येच साठवणं म्हणूनच गरजेचं. टाळेबंदीत रद्द करण्यापेक्षा तारीख पुढे ढकलण्याची मागणी जास्त होती. ॲडव्हान्स बुकिंगला न चिकटवता पाहुण्याच्या नावे जमा धरायची सोय असेल, तरच ते जमतं.

जीएसटीचा दर प्रोग्राममध्ये कोरून ठेवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागली. हजार रुपयांपर्यंतची खोली आधी करमुक्त, 18 जुलै 2022 पासून 12 टक्के, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. नोंदणी असलेल्या मालकाने ऑगस्ट 2025 मध्ये दिवाळीचा ॲडव्हान्स घेतला असेल, तरी राहणं आणि बिल दोन्ही बदलानंतरचं असल्याने दर नवाच लागतो. यासाठी कराचे दर, ते लागू होण्याच्या तारखेसह, वेगळ्या तक्त्यात ठेवावे, आणि पैसे मिळाल्याची, बिलाची व मुक्कामाची अशा तिन्ही तारखा बुकिंगमध्ये नोंदवाव्यात.

गणपतीत चाकरमानी घरी येतात. त्या दिवसांसाठी ‘घरासाठी राखीव’ हे एक बटण लागतं. ते दाबल्यावर खोली पोर्टलवरूनही हटते ना, हे मालकाला आधी तपासून दाखवावं.