पारीच्या आत थिजलेला रस्सा

शांघायमध्ये राहणाऱ्या ख्रिस्तोफर सेंट कॅविश या अमेरिकी खाद्यलेखकाने एक अजब उद्योग केला. कात्री, छोटा वजनकाटा आणि जाडी मोजायचं कॅलिपर घेऊन तो शहरातल्या ५२ हॉटेलांत गेला. आत रस्सा असलेली, मोदकासारखी वाफाळती चिनी डंपलिंग मागवायची, एकेक कात्रीने कापायचं, आतला रस्सा वेगळा तोलायचा, सारण वेगळं तोलायचं आणि पारीची जाडी मोजायची. २०१५ मध्ये त्याने निकाल छापले. त्याचं सूत्र असं: सारण आणि रस्सा यांच्या वजनाची बेरीज करा, पारीच्या जाडीने भागा आणि १०० ने गुणा. आकडा जितका मोठा, तितकं डंपलिंग सरस.

यात चव कुठेच नाही, हे खरं. तरीही मला हे सूत्र आवडतं, कारण या पदार्थातली सगळी ओढाताण त्यात आली आहे. रस्सा भरपूर हवा आणि पारी पातळ हवी. पण रस्सा वाढवला की पारी फाटते, आणि पारी जाड केली की नुसता मैदा खाल्ल्यासारखं वाटतं.

पदार्थाचं नाव श्याओलोंगबाओ. श्याओ म्हणजे लहान, लोंग म्हणजे वाफवायची बांबूची टोपली आणि बाओ म्हणजे सारण भरलेला गोळा. शांघायच्या वायव्येला नानश्यांग नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या हुआंग मिंगश्यान या हॉटेलवाल्याने १८७० च्या दशकात हा प्रकार सुरू केला, असं मानतात. दिसायला थेट आपला मोदक: तशाच कळ्या, तसंच वर मिटलेलं टोक. फक्त चावला की आतून चमचाभर गरम रस्सा येतो.

तो रस्सा आत ओतलेला नसतो, घन रूपात भरलेला असतो. पाया सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी थिजून थरथरतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अर्धं कोडं इथेच सुटेल. डुकराच्या कातडीत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तीन धागे दोरखंडासारखे एकमेकांत पिळलेले असतात. कातडी तासन्‌तास उकळली की पीळ सुटतो, धागे पाण्यात मोकळे होतात आणि त्याचं जिलेटिन बनतं. पाणी गार झालं की हेच धागे जागोजागी पुन्हा गुंततात, जाळं तयार होतं आणि सगळं पाणी त्यात अडकून बसतं. ही खिरापतीसारखी बारीक केलेली जेली खिम्यात कालवायची, पारीत भरायची आणि कळ्या मिटायच्या. जिलेटिनचं जाळं साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसला सुटतं, म्हणजे वाफेत ते टिकण्याचा प्रश्नच नाही. टोपली टेबलावर येईपर्यंत जेलीचा रस्सा झालेला असतो.

शाकाहारी दुकानांत जिलेटिनऐवजी अगार वापरता येतं. आपल्या घरातला चायना ग्रास तो हाच. पण त्याचा स्वभाव वेगळा. तो वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि ४० च्या खाली आला की पुन्हा घट्ट होतो. जिलेटिन तोंडाच्या उबेने विरघळतं, अगार विरघळत नाही. शिवाय खऱ्या रश्श्याने ओठ किंचित चिकट होतात. ती जिलेटिनची खूण, अगारला ती जमत नाही. आत काय आहे याचा विधिनिषेध असेल तर मात्र ओठांवर विसंबू नये, आधीच विचारावं.

आता पारी. मोदकाला आपण तांदळाच्या पिठीची उकड काढतो, कारण तांदळात ग्लुटेन नाही. उकळत्या पाण्याने स्टार्च फुलतो आणि त्याच्या चिकटपणावर पारी उभी राहते. तिला ताण सोसत नाही. मैद्यातली दोन प्रथिनं मात्र पाणी मिळताच एकमेकांना धरून ग्लुटेनचं रबरासारखं जाळं विणतात. थंड पाण्यात मळलेला गोळा चिवट होतो. उत्तर चीनमधली च्याओत्झ ही करंजीच्या आकाराची डंपलिंग खळखळत्या पाण्यात उकडतात, त्यांना हाच चिवटपणा हवा असतो. कढत पाण्यात मळलं तर प्रथिनांची पकड सैल पडते, स्टार्च जास्त पाणी पितो आणि पारी मऊ, लुसलुशीत होते. हार गाव या कोळंबीच्या कँटोनी डंपलिंगची तऱ्हा तर आणखी निराळी. त्यात प्रथिन काढून टाकलेला गव्हाचा नुसता स्टार्च असतो, म्हणून वाफवल्यावर पारीतून आतली गुलाबी कोळंबी दिसते.

श्याओलोंगबाओच्या पारीला पातळही राहायचंय आणि रस्साही पेलायचाय. म्हणून ती लाटताना कडा पातळ आणि मधला भाग किंचित जाड ठेवतात. तळाला सगळं वजन येतं, आणि वर कळ्यांचे थर एकावर एक जमतात. हात कच्चा असेल तर टोकाशी पिठाचा गोळा होतो आणि तो शिजत नाही. तैवानच्या डिन ताई फुंगचा नियम प्रसिद्ध आहे: पारी ५ ग्रॅम, सारण १६ ग्रॅम, कळ्या १८. हे दुकान १९५८ मध्ये खाद्यतेल विकायला निघालं होतं, डंपलिंगकडे १९७२ मध्ये वळलं. १८ या आकड्यात जादू नाही, पण इतक्या कळ्या बसायच्या तर कड पातळ लाटावीच लागते.

म्हणून नव्या हॉटेलात गेलं की मी आधी टोक चावून पाहतो. ते कडक किंवा पिठूळ लागलं तर पुढची टोपली मागवत नाही. ऑर्डर देताच दोन मिनिटांत टोपली आली तरी मन खट्टू होतं. शिजल्यावर नुसतं थांबलेलं डंपलिंग आतला रस्सा पारीत शोषून घेतं, तळ मऊ पडतो आणि उचलताना फाटतो. दहा मिनिटं थांबवणारं हॉटेल बहुधा तुमच्यासाठीच वाफवत असतं. टोपली बांबूची असेल तर आणखी बरं. स्टीलच्या झाकणावर वाफ थिजून थेंब खाली पडतात, बांबू ती ओल पितो. ढोकळा करताना झाकणाला फडकं बांधण्यामागेही हेच आहे. आणि मोदकाखाली हळदीचं पान ठेवतात तसा इथे कोबीचा पाला किंवा कागद असतो, तळ चिकटू नये म्हणून.

पहिल्यांदा सिंगापूरमध्ये मी अख्खं डंपलिंग तोंडात टाकलं होतं. पुढचे दोन दिवस चहाची चव कळली नाही. मिटलेल्या पारीतून वाफ निसटत नाही, वर चरबीचा तवंग असतो, त्यामुळे बाहेरून कोमट भासणारं डंपलिंग आत कढतच राहतं. टोकाला धरून अलगद चमच्यात घ्यावं, बाजूला छोटं भोक पाडावं. वाफेचा एक झोत निघतो आणि तोच रस्सा झपाट्याने निववतो. मग रस्सा प्यावा आणि उरलेलं आल्याचे बारीक तुकडे घातलेल्या काळ्या व्हिनेगरसोबत खावं. ते व्हिनेगर चिकट तांदळापासून करतात; त्याच्या आंबटपणाने चरबीचा मेणचटपणा जातो. सोया सॉसमध्ये बुडवून काढणाऱ्यांशी माझं पटत नाही, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

दोघं असाल तर चार टोपल्या एकदम मागवू नका, एक संपत आली की दुसरी सांगा. गप्पांत राहून गेलेलं शेवटचं डंपलिंग अर्ध्या तासाने उघडून पाहिलंत, तर आतला रस्सा पुन्हा थिजायला लागलेला दिसेल.