सुपरटीम (एनबीए बास्केटबॉल)

सुपरटीम : अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक स्पर्धेत एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून खेळलेले, आपापल्या संघाचे मुख्य आधार असलेले दोन, तीन किंवा अधिक खेळाडू विजेतेपदासाठी एका संघात एकत्र आले असता त्या संघास लावली जाणारी संज्ञा. केवळ अनेक नामांकित खेळाडू असणे एवढ्यावरून एखाद्या संघास ही संज्ञा लावावी की नाही, याविषयी एकमत नाही. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवणारा बिल रसेलचा बॉस्टन सेल्टिक्स, किंवा टिम डंकन, टोनी पार्कर व मानू जिनोबिली यांचा सॅन अँटोनियो स्पर्स हे संघ बलाढ्य खरे. परंतु त्यांची उभारणी मुख्यतः ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंची संघांनी आळीपाळीने करायच्या निवडीच्या) मार्गाने झाल्याने बहुतेक लेखक त्यांना येथे धरत नाहीत. प्रस्तुत नोंदीत हीच मर्यादित व्याख्या स्वीकारली आहे.

उगम

या प्रथेचा आरंभ कोठे मानावा, हा वादाचा विषय आहे. सर्वांत जुने उदाहरण म्हणून सामान्यतः १९६८ चा लॉस एंजेलिस लेकर्स दाखवला जातो. त्या वर्षीच्या जुलैमध्ये विल्ट चेंबरलेन फिलाडेल्फियाकडून, तीन खेळाडूंच्या बदल्यात, लेकर्सकडे आला आणि जेरी वेस्ट व एल्जिन बेलर यांच्या शेजारी उभा राहिला. लगतच्या आधीच्या हंगामात तो सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवून आलेला होता. तरीही १९६९ ची अंतिम मालिका लेकर्सने बॉस्टनकडून सातव्या सामन्यात दोन गुणांनी गमावली आणि १९७० मध्ये न्यू यॉर्ककडूनही सात सामन्यांत हार पत्करली. विजेतेपद मिळाले ते १९७२ मध्ये, म्हणजे त्या हंगामाच्या प्रारंभीच बेलर निवृत्त झाल्यानंतर; सलग तेहेतीस विजयांची विक्रमी मालिकाही त्याच्या निवृत्तीनंतरचीच आहे. त्यामुळे तीन महान खेळाडूंचे ते त्रिकूट एकत्र असताना कधीच विजेते ठरले नाही, ही गोष्ट या उदाहरणाचा हवाला देणारे अनेकदा विसरतात. या अदलाबदलीत खरा पुढाकार चेंबरलेनचा की संघमालकांचा, याबाबतचे वृत्तांत परस्परांशी जुळत नाहीत.

त्या काळी खेळाडूला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य जवळजवळ नव्हते, ही बाब येथे निर्णायक आहे. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राहत असे. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने १९७० मध्ये दाखल झालेला दावा १९७६ मध्ये तडजोडीने मिटला आणि हे बंधन सैल होऊ लागले. मात्र पूर्णतः मुक्त खेळाडू, म्हणजे जुन्या संघाला कोणताही अधिकार न उरता दुसरीकडे जाऊ शकणारा फ्री एजंट, १९८८ पासूनच दिसतो. या दोन टप्प्यांच्या मधले उदाहरण मोझेस मलोनचे आहे. १९८२ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला देऊ केलेल्या कराराची बरोबरी करून ह्यूस्टनने आपला हक्क राखला आणि मग तो खेळाडू अदलाबदलीत फिलाडेल्फियालाच दिला. ज्युलियस अर्व्हिंगच्या जोडीने मलोनने १९८३ च्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये) तेरापैकी बारा सामने जिंकून दिले आणि अंतिम मालिकेत लेकर्सला ४–० असे नमवले. अर्व्हिंगचा फिलाडेल्फिया १९८० व १९८२ मध्ये याच लेकर्सकडून हरला होता.

चार्ल्स बार्कलीचे १९९६ मधील ह्यूस्टनला जाणे हा उगमाच्या चर्चेत सहसा दुर्लक्षिला जाणारा दुवा होय. त्याच्या फिनिक्स संघाला ह्यूस्टनने १९९४ व १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे सात सामन्यांच्या मालिकेत बाहेर काढले होते. म्हणजे आपल्याला हरवणाऱ्या संघातच तो हकीम ओलाजुवान व क्लाइड ड्रेक्सलर यांचा साथीदार म्हणून दाखल झाला. पण त्यावर, पुढे २०१६ मध्ये आपल्याला हरवणाऱ्या गोल्डन स्टेटकडे गेलेल्या केव्हिन ड्युरंटच्या वाट्याला आला तसा गदारोळ झाला नाही. तो तेहेतीस वर्षांचा होता आणि अदलाबदलीने आला होता, ही दोन कारणे यामागे दिसतात. २००३ मध्ये कार्ल मलोन व गॅरी पेटन शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्या लेकर्समध्ये बरेच कमी वेतन घेऊन आले, तेव्हाही उतारवयातील खेळाडूंची विजेतेपदाची हौस म्हणूनच त्याकडे पाहिले गेले. तो संघ २००४ ची अंतिम मालिका डेट्रॉइटकडून १–४ अशी हरला.

२००७ मध्ये बॉस्टनने अदलाबदलीतून प्रथम रे अॅलन व नंतर केव्हिन गार्नेट यांना पॉल पिअर्सच्या जोडीला आणले. आदल्या हंगामात २४ सामने जिंकलेल्या या संघाने ६६ सामने जिंकून २००८ चे विजेतेपद मिळवले. त्यामुळे आधुनिक सुपरटीमचा आरंभ येथून मानावा असे एक मत आहे. दुसरे, अधिक प्रचलित मत ८ जुलै २०१० ही तारीख धरते. त्या दिवशी कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथून दूरचित्रवाणीवर झालेल्या खास कार्यक्रमात लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड सोडून ड्वेन वेड व क्रिस बॉश यांच्याबरोबर मायामीत खेळण्याचे जाहीर केले. हा बेत नेमका केव्हा शिजला, हाही एक उपवाद आहे. तिघांनी २००६ मध्ये आपापल्या संघांशी पूर्ण मुदतीऐवजी कमी मुदतीची करारवाढ केली होती आणि त्यामुळे तिघेही २०१० मध्ये एकाच वेळी मोकळे होऊ शकले. म्हणून काही जण मूळ तेथे शोधतात. इतर काही जण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील सहवासाला महत्त्व देतात. कमी मुदतीच्या करारामागे केवळ आर्थिक हिशेबही असू शकतो, हे लक्षात घेता २००६ इतके मागे जाण्यास पुरेसा आधार दिसत नाही.

संघाच्या घडणीत २०१० ने नवे काही आणले नाही, पुढाकाराच्या बाबतीत मात्र आणले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. तोपर्यंत तारे एकत्र आणण्याचे काम संघमालक आणि व्यवस्थापक करत असत. मायामीत ते, ऐन उमेदीतल्या खेळाडूंनी, उघडपणे स्वतः केले.

वेतनाचे नियम

सुपरटीम शक्य होण्याचे कारण खेळाडूंच्या वृत्तीत शोधण्यापेक्षा वेतनाच्या नियमांत शोधणे बरे. १९८४–८५ मध्ये एनबीएने संघाच्या एकूण वेतनावर ३६ लाख डॉलरची मर्यादा (सॅलरी कॅप) घातली. ही मर्यादा शिथिल असून आपल्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना संघ ती ओलांडू शकतो. ही सवलत लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाते. एकट्या खेळाडूच्या वेतनाला मात्र तेव्हा कमाल मर्यादा नव्हती. १९९७–९८ मध्ये मायकेल जॉर्डनचे वेतन ३.३ कोटी डॉलरहून अधिक होते, तर संपूर्ण संघाची मर्यादा २.६९ कोटी डॉलर होती. त्या किमतीला त्याला आपल्या मर्यादेत बसवणे दुसऱ्या कोणत्याही संघाला शक्य नव्हते. १९९८–९९ च्या टाळेबंदीनंतर (संघमालकांनी स्पर्धा बंद ठेवल्यानंतर) आलेल्या करारात व्यक्तिगत कमाल वेतन ठरवण्यात आले. आज ते खेळाडूच्या सेवाकालानुसार संघमर्यादेच्या साधारण २५, ३० किंवा ३५ टक्के असते. परिणामी लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू आणि त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खालचा खेळाडू यांची किंमत कागदावर सारखीच झाली. कोणताही संघ पैशाच्या बळावर सर्वश्रेष्ठ खेळाडूला मोठ्या फरकाने अधिक देऊ शकत नसल्याने त्याच्यापुढे निवडीचे निकष उरले ते सहकारी, शहर आणि जिंकण्याची शक्यता हे. थोडा पगार सोडला की तीन तारे एका मर्यादेत मावतात, हे मायामीने दाखवून दिले : २०१०–११ मध्ये ५.८ कोटींच्या मर्यादेत या तिघांचे मिळून सुमारे ४.३ कोटी डॉलर होते.

ड्युरंटच्या प्रकरणात याहून विरळा योग जुळून आला. नव्या प्रसारण करारामुळे, जो नऊ वर्षांसाठी २४ अब्ज डॉलरचा होता, २०१६–१७ ची संघमर्यादा ७ कोटींवरून एकदम ९.४१ कोटी डॉलरवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने लागू करावी हा लीगचा प्रस्ताव खेळाडू संघटनेने फेटाळला होता. त्यातच स्टीफन करीचा करार घोट्याच्या दुखापतींच्या काळात झालेला, चार वर्षांसाठी ४.४ कोटींचा, म्हणजे त्याच्या दर्जाच्या मानाने अतिशय स्वस्त होता. आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे त्यामुळे एका कमाल वेतनाच्या खेळाडूइतकी जागा निर्माण होऊ शकली. एक-दोन वर्षे अलीकडे-पलीकडे झाली असती तर हा व्यवहार घडणे कठीण होते.

औचित्याचा वाद

प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी करून मिळवलेल्या विजेतेपदाचे मोल कमी होते काय, हा या विषयातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न आहे. जेम्सच्या निर्णयानंतर काही दिवसांतच जॉर्डनने, आपण लॅरी बर्ड किंवा मॅजिक जॉन्सन यांना फोन करून एकत्र खेळू असे कधीही सुचवले नसते, आपल्याला त्यांना हरवायचे होते, अशा आशयाचे मत मांडले. क्लीव्हलँडचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी जेम्सवर कडक शब्दांत टीका करणारे पत्र प्रसिद्ध केले आणि त्याबद्दल लीगने त्यांना एक लाख डॉलरचा दंड केला. ४ जुलै २०१६ रोजी ड्युरंटने गोल्डन स्टेटची निवड केली तेव्हा टीका अधिक तीव्र झाली, कारण पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत त्याच्या ओक्लाहोमा सिटीने ३–१ अशी आघाडी घेऊन जेमतेम काही आठवड्यांपूर्वी याच संघापुढे ती गमावली होती.

जॉर्डनच्या युक्तिवादात तथ्य असले तरी त्याच्या पिढीचे चित्र तो वाटतो तितके स्वच्छ नाही. बर्डला रॉबर्ट पॅरिश व केव्हिन मॅकहेल हे साथीदार गोल्डन स्टेटशी झालेल्या एका चतुर सौद्यातून लाभले. खुद्द जॉर्डनच्या शेवटच्या तीन विजेतेपदांतील डेनिस रॉडमन हा १९८८, १९८९ व १९९० अशी सलग तीन वर्षे शिकागोला प्लेऑफमधून बाहेर काढणाऱ्या डेट्रॉइटचा खेळाडू होता. तो १९९५ मध्ये सॅन अँटोनियोकडून अदलाबदलीने आला. व्यवस्थापकाने प्रतिस्पर्धी आणून दिला तर ती दूरदृष्टी आणि खेळाडूने स्वतः त्याच्याकडे जायचे ठरवले तर तो पळपुटेपणा, असा भेद करणे तर्काला धरून नाही. ज्यांना संमतीशिवाय एका शहरातून दुसऱ्या शहरात धाडले जाऊ शकते, त्यांनी हाती आलेल्या थोड्या स्वातंत्र्याचा वापर केला तर त्यांच्याकडून निष्ठेची अपेक्षा कशाच्या आधारे करावी, हा प्रतिपक्षाचा मुद्दा बिनतोड आहे.

मात्र स्पर्धेच्या दृष्टीने सर्वच उदाहरणे एका मापाने मोजता येत नाहीत. मायामी किंवा २००७ चा बॉस्टन यांनी सामान्य संघाला अव्वल बनवले. ड्युरंटने अव्वल संघाला जवळजवळ अजिंक्य केले. २०१७ च्या प्लेऑफमध्ये गोल्डन स्टेटने सतरापैकी सोळा सामने जिंकले. आक्षेप सर्वाधिक ग्राह्य ठरतो तो याच उदाहरणाबाबत, आणि तोही खेळाडूच्या नीतीपेक्षा निकालाच्या अनिश्चिततेबाबत. २०१२ मध्ये रे अॅलन बॉस्टन सोडून, नुकतेच त्याला हरवलेल्या मायामीकडे गेला व २०१३ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी बरोबरी साधणारी तीन गुणांची फेक त्यानेच केली, तरी तो साहाय्यक खेळाडू असल्याने या वादात त्याचे नाव क्वचितच येते. उलट टोकाचे उदाहरण यानिस अँटेटोकूम्पोचे आहे. त्याने डिसेंबर २०२० मध्ये मिलवॉकीशीच करारवाढ केली आणि २०२१ च्या विजेतेपदानंतर, सुपरटीममध्ये जाण्यापेक्षा हा अवघड मार्ग आपण पत्करला, अशी भावना व्यक्त केली.

फलित

यशाचा लेखाजोखा संमिश्र आहे. मायामीने चार वर्षांत चारही वेळा अंतिम मालिका गाठून दोन जिंकल्या (२०१२, २०१३). गोल्डन स्टेटने ड्युरंटसह २०१७ व २०१८ ची विजेतेपदे मिळवली आणि २०१९ मध्ये तो व क्ले थॉम्पसन जायबंदी झाल्यावर टोरँटोकडून हार पत्करली. जेम्स २०१४ मध्ये क्लीव्हलँडला परतला तेव्हा तेथे कायरी अर्व्हिंग होता व केव्हिन लव्ह आणला गेला. २०१६ चे विजेतेपद मिळवणारा तो संघही वस्तुतः सुपरटीमच होता, पण घरवापसीच्या कौतुकात त्याकडे दुर्लक्ष झाले. याउलट २०१२–१३ चा लेकर्स, ज्यात ब्रायंटच्या जोडीला ड्वाइट हॉवर्ड व स्टीव्ह नॅश आले, पहिल्याच फेरीत ०–४ असा बाद झाला. ब्रुकलिनमध्ये ड्युरंट, अर्व्हिंग व जेम्स हार्डन हे तिघे प्लेऑफ धरूनही एकत्र खेळले ते अवघे सोळा सामने. फिनिक्सचे ड्युरंट, डेव्हिन बुकर व ब्रॅडली बील हे त्रिकूट २०२४ मध्ये पहिल्या फेरीत एकही सामना न जिंकता हरले आणि पुढच्या हंगामात प्लेऑफपर्यंतही पोचले नाही.

सुपरटीमसाठी मोजलेली किंमत पुष्कळदा दुसऱ्याच संघाचे भांडवल ठरते, हे अधिक बोधक आहे. गार्नेट व पिअर्स यांना मिळवण्यासाठी ब्रुकलिनने २०१३ मध्ये बॉस्टनला पुढील वर्षांचे ड्राफ्टचे हक्क दिले. त्यांतूनच जेलेन ब्राउन व, आणखी एका सौद्याअंती, जेसन टेटम बॉस्टनला मिळाले आणि २०२४ चे विजेतेपद त्यांच्या बळावर आले. २०१९ मध्ये क्लिपर्सने कवाय लेनर्डच्या जोडीला पॉल जॉर्जला आणले, तेव्हा ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे पाच हक्क व इतर बरेच काही द्यावे लागले. त्या हक्कांपैकी एकातून जेलेन विल्यम्स आला. २०२५ चा विजेता संघ या दोघांभोवतीच उभा होता; क्लिपर्सने मात्र अद्याप अंतिम मालिका पाहिलेली नाही.

अलीकडील स्थिती

२०२३ च्या सामूहिक करारात वेतनाची ‘दुसरी एप्रन’ नावाची रेषा आखण्यात आली. २०२३–२४ साठी ती सुमारे १८.२८ कोटी डॉलर होती. ती ओलांडणाऱ्या संघाला केवळ जादा कर भरून सुटता येत नाही. अनेक खेळाडूंची वेतने एकत्र करून मोठा खेळाडू मिळवणे, अदलाबदलीत रोख रक्कम देणे अशा वाटाच त्याच्यासाठी बंद होतात. तत्पूर्वी, २०१९ मध्ये, दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी अकाली संधान बांधण्याबद्दलचा कमाल दंड एक कोटी डॉलरपर्यंत वाढवण्यात आला होता. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात निरनिराळे संघ विजेते ठरले. तथापि ही मालिका नव्या नियमांच्या आधीच सुरू झालेली असल्याने तिचे सगळे श्रेय त्यांना देता येत नाही.

महिलांच्या डब्ल्यूएनबीए स्पर्धेत ही प्रथा २०२३ मध्ये ठळकपणे पुढे आली. ब्रिआना स्ट्युअर्ट व जोनक्वेल जोन्स या दोन माजी सर्वोत्तम खेळाडू, तसेच कोर्टनी व्हँडरस्लूट, न्यू यॉर्क लिबर्टीत दाखल झाल्या, तर कँडेस पार्कर आधीच विजेत्या असलेल्या लास व्हेगास एसेसमध्ये गेली. त्या वर्षीची अंतिम मालिका याच दोन संघांत होऊन लास व्हेगासने ती ३–१ अशी जिंकली, आणि लिबर्टीला पहिले विजेतेपद २०२४ मध्ये मिळाले.