रोबोटच्या ऑपरेशनबद्दल, किडनी-प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

"डॉक्टर, मशीनच करस का हो ऑपरेशन?" आमच्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो, आणि विचारणाऱ्या आबांच्या चेहऱ्यावर खरी भीती असते.

मशीन स्वतःहून काहीच करत नाही. पोटावर चार-पाच लहान छिद्रं घेतात, आत गॅस भरून जागा करतात आणि त्यातून दुर्बीण व साधारण 8 मिलिमीटर जाडीची अवजारं सोडतात. ती यंत्राच्या हातांना जोडलेली असतात. सर्जन त्याच खोलीत, काही पावलांवर बसून ते हात चालवतात. डोळे दुर्बिणीच्या खिडकीला, बोटं यंत्राच्या मुठींमध्ये, पाय पेडलवर. पेडल नीट कळावं म्हणून कितीतरी सर्जन चपला काढून बसतात. त्यांनी डोकं खिडकीतून मागे घेतलं की यंत्राचे हात जागच्या जागी थांबतात. रुग्णाशेजारी दुसरे डॉक्टर पूर्ण वेळ उभे असतातच. दा विंची नावाच्या यंत्राला अमेरिकेत 2000 साली मान्यता मिळाली. आता भारतात बनलेलं यंत्रही वापरात आहे.

साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये अवजार सरळ काडीसारखं असतं. रोबोटच्या अवजाराला मनगट असतं, म्हणून अडचणीच्या जागीही टाका हवा तसा वळवता येतो. प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी ओटीपोटात खोल, हाडाच्या मागे असते. कॅन्सरसाठी ती काढल्यावर मूत्राशय पुन्हा लघवीच्या नळीला शिवावा लागतो. तिथे हे मनगट कामाला येतं. किडनीतली फक्त गाठ काढून बाकीची किडनी वाचवायची असेल तेव्हाही तसंच: रक्तवाहिनी चिमट्याने बंद ठेवून शक्यतो 25-30 मिनिटांत गाठ काढणं आणि शिवणं उरकावं लागतं. किडनीच्या तोंडाशी नळी अरुंद असेल तर ती दुरुस्त करायलाही रोबोट चांगला.

मुतखड्याला मात्र रोबोट सहसा लागत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटेच जातं, लघवी घट्ट होते, खडे होतात. ते लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून, लेझरने फोडून किंवा पाठीतून छोटं छिद्र घेऊन निघतात. वयोमानाने वाढलेल्या साध्या प्रोस्टेटलाही बहुतेक वेळा गोळ्या, नाहीतर लघवीच्या वाटेचं ऑपरेशन पुरतं. यासाठी कोणी रोबोट सुचवला तर कारण विचारा, आणि कागद घेऊन आमच्याकडे या. शेत गहाण टाकायच्या आधी या.

रोबोटने रक्त कमी जातं, जखम लहान राहते, माणूस लवकर घरी येतो. पण प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झालेल्या, 2016 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 12 आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता उघड्या ऑपरेशनइतकीच दिसली. म्हणून यंत्राच्या नावापेक्षा, सर्जनने अशी किती ऑपरेशनं केली आहेत, हे विचारा. त्यात संकोच कसला?

आमच्याकडे रोबोट नाही; त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं. तपासण्या, कुठे जायचं याचा सल्ला आणि परत आल्यावरची देखभाल इथे होते. खासगी विमा असेल तर रोबोटसाठी वेगळी मर्यादा आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या. 2019 च्या नियमांनी कंपन्यांना हे ऑपरेशन सरसकट नाकारता येईनासं झालं, पण रकमेची मर्यादा घालायची मुभा राहिली. सरकारी योजनेचं त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाला, विचारा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. मनाने बंद करू नका. तंबाखू-बिडी आजच सोडा.

प्रोस्टेट काढल्यावर लघवीसाठी बाहेरून घातलेली नळी (कॅथेटर) साधारण आठवडा-दहा दिवस राहते. रेल्वेने परतताना नळीला जोडलेली लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवा. बर्थवर उशाशी ठेवली तर लघवी मागे फिरते. नळीला गाठ किंवा वळसा पडू देऊ नका. महिना-दीड महिना केळीचा घड, खताची गोणी उचलायची नाही, ट्रॅक्टरही नको. ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या किंवा नळीतून लघवी थांबली, तर रात्र असली तरी फोन करा.

नळी काढायच्या दिवशी सकाळी लवकर या. सुरुवातीला थोडी लघवी गळते, तेव्हा दोन सैल पायजमे आणि पॅड सोबत असू द्या. दुपारपर्यंत इथेच बसवून घेऊ, लघवी नीट झालेली बघू आणि मगच घरी पाठवू.