काळं इंजिन म्हणजे ब्लॅक शॅडो नव्हे

व्हिन्सेंट ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल समोर आली, इंजिन काळं दिसलं, की लोक ‘ब्लॅक शॅडो’ म्हणून मोकळे होतात. इंजिन पांढरं दिसलं, तर ‘रॅपिड’. इतकी वर्षं हेच ऐकतो आहे आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण या दोन गाड्यांमधला खरा फरक रंगात नाहीच.

ब्लॅक शॅडो तुम्हाला पाठ असेल: १९४८ साली आलेली, ९९८ सीसीची व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), ५५ अश्वशक्ती, ताशी १२५ मैल, आणि १५० मैलांपर्यंत आकडे असलेला तो स्मिथ्सचा पाच इंची स्पीडोमीटर. रॅपिड तिची थोरली बहीण. कारखाना तोच, इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजचा. फिलिप व्हिन्सेंट आणि फिल आयर्व्हिंग या जोडीचं डिझाइनही तेच. ८४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमी स्ट्रोकही (पिस्टनची धाव) तेच. ताकद ४५ अश्वशक्ती, वेग ताशी ११० मैलांच्या आसपास. शॅडोचे ब्रेक ड्रम रिब (उंचवट्याच्या कडा) असलेले, कार्ब्युरेटर थोडे मोठे. हे सगळं पैसे मोजले की रॅपिडवर बसवता येतं, त्यामुळे ओळख पटवायला ते निरुपयोगी आहे.

शॅडोची खरी मेहनत आत होती. कनेक्टिंग रॉड पॉलिश केलेले, पोर्ट (इंजिनात वायू आत-बाहेर जाण्याच्या वाटा) घासून गुळगुळीत केलेले, कॉम्प्रेशन ६.८ वरून ७.३ वर नेलेलं. काळा इनॅमल बाहेरून चढवून भट्टीत भाजलेला. रंग दुय्यम होता याचा पुरावा कारखान्यानंच ठेवला आहे: व्हाइट शॅडो. आतून पूर्ण शॅडो, बाहेरून रॅपिडसारखं उघडं ॲल्युमिनियम. अशा मोजक्याच बनल्या, पण ‘काळं म्हणजे शॅडो’ हे समीकरण मोडायला एकही पुरेशी आहे.

मग बघायचं काय? इंजिन नंबर. कारखान्यानं या गाड्यांच्या पिढ्यांना सीरीज बी, सी, डी अशी नावं दिली. सीरीज सीच्या रॅपिडवर तो ‘एफ१०एबी/१/’ असा सुरू होतो, ब्लॅक शॅडोवर ‘एफ१०एबी/१बी/’, व्हाइट शॅडोवर ‘१ए’. शेवटच्या सीरीज डीमध्ये १ च्या जागी २ येतो. सगळा निवाडा त्या एका ‘बी’वर आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण अक्षर पंच करायला हातोडीचा एक घाव पुरतो. या ट्विन गाड्यांचा चासी नंबर इंजिन नंबरपेक्षा बरोबर १९०० नं मोठा असतो. इंजिनवर ४००० असेल तर चासीवर ५९०० हवा. तोही दोन ठिकाणी बघायचा: पुढे वरच्या फ्रेमवर (सीरीज सीमध्ये तेलाची टाकी हाच तिचा कणा), आणि मागच्या फ्रेमवर. दोन्हीकडे एकच आकडा हवा. शिवाय क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) दोन्ही भागांवर जोडीचा क्रमांक ठोकलेला असतो. तो जुळला नाही, तर एक भाग दुसऱ्याच इंजिनाचा आहे. व्हिन्सेंट ओनर्स क्लबकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. पैसे देण्याआधी तिथे विचारावं.

रॅपिडचा नंबर घासून त्यावर ‘१बी’ पंच करणं याला मी रिस्टोरेशन म्हणणार नाही. ती फसवणूक आहे, आणि त्यात एक चांगली रॅपिड कायमची हरवते. भाग बदललेले असतील तर त्याचा राग नाही. सत्तर वर्षं चाललेल्या गाडीत ते होणारच. फक्त ते कागदावर लिहून ठेवा.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकन रेसर रोली फ्रीनं पोहण्याच्या चड्डीत, टाकीवर आडवं पडून, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. त्या फोटोतल्या गाडीलाही सगळे ब्लॅक शॅडोच म्हणतात. इंजिनवर ‘१बी’ होतं हे खरं, पण ती शर्यतीसाठी खास तयार केलेली होती. पुढे जी ब्लॅक लाइटनिंग विकायला आली, तिची ती पहिली आवृत्ती.

तुमच्या हाती १९५० ची अस्सल रॅपिड लागली, तर तिला काळा रंग देऊ नका. ॲल्युमिनियम नीट साफ करा आणि उघडंच ठेवा.