पाणी उतरलं की

उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं, की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. आधी शिखर दिसतं, मग भिंती. ते मंदिर कुणी नव्याने आणून ठेवलेलं नसतं, पाण्याखाली तिथेच असतं. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाला पुढे जे आजार गाठतात, त्यातल्या बऱ्याच आजारांचं असंच आहे. टीबीचा जंतू, नागिणीचा विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, सीएमव्ही (सायटोमेगॅलो) हा विषाणू यांतले एकदोन त्याच्या अंगात लहानपणापासून मुक्कामाला असतात. तुमच्या-माझ्या अंगातही असतील. ते ज्या पाण्याखाली निपचित पडून असतात, त्याची पातळी म्हणजे सीडी फोर काउंट.

एआरटी (एचआयव्हीला रोखणाऱ्या गोळ्या) देणाऱ्या सेंटरच्या बाकावर याला नुसतं ‘पेशी’ म्हणतात. “पेशी किती आल्या?” असा प्रश्न असतो. मोजतात त्या पांढऱ्या पेशींमधल्या मदतनीस टी पेशी. सीडी फोर हे त्यांच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचं नाव. या पेशी स्वतः जंतू मारायला फारशा जात नाहीत. कुणी प्रतिपिंडं बनवायची, कुणी जंतू गिळायचे, कुणी बाधित पेशी मारायच्या, याची वर्दी त्या देतात. एचआयव्ही नेमका याच प्रथिनाला धरून आत शिरतो.

निरोगी प्रौढात हा आकडा एका घन मिलीमीटर रक्तात साधारण 500 ते 1500 असतो. औषध नसेल तर तो वर्षाला सरासरी 50 ते 100 ने उतरतो. सगळ्या मेलेल्या पेशींचा जीव विषाणूने थेट घेतलेला नसतो. 2014 मध्ये अमेरिकेतल्या ग्लॅडस्टोन संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं, की लसीका ऊतींत, म्हणजे टॉन्सिल, लसीका गाठी अशा ठिकाणी, मरणाऱ्या बहुसंख्य पेशींमध्ये विषाणूची शिरकावाची खटपट अर्धवटच राहिलेली असते. आत काहीतरी परकं आलं हे ओळखून पेशी स्वतःच फुटते. त्या फुटण्याने दाह होतो, दाहामुळे आणखी मदतनीस पेशी तिथे धावतात आणि त्याही त्याच वाटेने जातात.

आता पातळीकडे वळू. टीबी पातळीची वाट बघत नाही. काउंट 500 असतानाही तो होतो, आणि भारतात एचआयव्हीबाधितांचा सर्वांत मोठा वैरी तोच आहे. छुपा टीबी असलेल्या निरोगी माणसाला तो उफाळण्याचा धोका आयुष्यभरात मिळून पाच ते दहा टक्के. एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील, तर जवळपास तेवढाच धोका एकेका वर्षात असतो. पण खरी मेख पुढे आहे. काउंट चांगला असतो तेव्हा टीबी पुस्तकातल्यासारखा दिसतो: फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी, थुंकीत जंतू. काउंट 200 च्या खाली गेला की तोच आजार वेश बदलतो. एक्स-रेत पोकळी नाही, थुंकी निगेटिव्ह, आणि टीबी गाठींत, पोटात, मेंदूच्या आवरणात पसरलेला. कारण ती पोकळी एकटा जंतू करत नाही, त्याच्याशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती करते. लढणारेच उरले नाहीत तर पडझड कुठून दिसणार? म्हणून अशा रुग्णाचा एक्स-रे साफ आला म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

200 च्या खाली न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाची हद्द सुरू होते. ही एक बुरशी. बहुतेकांची तिच्याशी गाठ बालपणीच पडलेली असते आणि कुणाला पत्ताही लागलेला नसतो. कोरडा खोकला, ताप, आणि जिना चढताना लागणारी धाप दिवसेंदिवस वाढत जाते. 5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या साथरोग पत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांवर एक छोटं टिपण आलं, ते याच न्यूमोनियाबद्दल होतं. पाचही जणांत सीएमव्ही आणि कँडिडा ही बुरशीही सापडली होती. विषाणू सापडला दोन वर्षांनी, 1983 मध्ये. म्हणजे जगाने आधी उघडं पडलेलं मंदिर पाहिलं, पाणी कशाने आटलं ते नंतर कळलं.

100 च्या खाली मेंदूवर बेतू लागतं. टॉक्सोप्लाझ्माने झटके येतात, एक बाजू लुळी पडते. क्रिप्टोकॉकस ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आढळते, त्यामुळे मुंबईकराने तिच्याशी ओळख नाही म्हणण्यात अर्थ नाही. ती मेंदूच्या आवरणात शिरली की आठवडे न् आठवडे डोकं दुखतं आणि पित्ताची गोळी घेऊन वेळ मारून नेली जाते. 50 च्याही खाली सीएमव्ही डोळ्याच्या पडद्यावर उतरतो. दुखत काहीच नाही, नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात आणि दृष्टी जाते.

या सगळ्यांत एक जुनी, स्वस्त गोळी फार कामाची आहे: कोट्रायमोक्साझोल. न्यूमोसिस्टिस आणि टॉक्सोप्लाझ्मा या दोघांनाही ती अडवते. पपईच्या पानांच्या रसाने ‘पेशी वाढतात’ हे मात्र डोक्यातून काढा. तो डेंग्यूच्या प्लेटलेटबद्दलचा समज, नुसत्या ‘पेशी’ या शब्दावरून इथे घुसला आहे.

एआरटीच्या गोळ्या सुरू झाल्या की पाणी परत चढतं, आणि तिथेही एक खोच आहे. जागे झालेले सैनिक आतापर्यंत दुर्लक्षित राहिलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडतात. गाठी सुजतात, ताप उलटतो, आणि रुग्णाला वाटतं गोळ्याच बाधल्या. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असेल तर म्हणूनच बुरशीचा इलाज आधी करतात आणि एआरटी सुरू करणं चारसहा आठवडे लांबवतात.

रिपोर्ट वाचताना एवढं धरा, की 420 चे 370 झाले म्हणजे आभाळ कोसळलं नाही. हा आकडा सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असतो आणि साध्या तापानेही घसरतो. गोळ्या काम करताहेत की नाही, हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, जास्त खरं सांगतो. एके काळी काउंट 200 खाली गेल्यावरच एआरटी मिळायची. मग मर्यादा 350 झाली, पुढे 500. 2017 पासून भारतात काउंट कितीही असो, निदान होताच गोळ्या सुरू करतात. त्यामुळे काउंटचं महत्त्व संपलं असं काहींना वाटू लागलं, आणि मला हे धोक्याचं वाटतं. उशिरा तपासणी झालेले आणि मधेच गोळ्या सोडून परतलेले लोक आजही येतात.

असा एखादा माणूस 60 काउंट घेऊन स्वतःच्या पायांनी चालत येतो, तक्रार काहीच नसते. पण क्रिप्टोकॉकसचे अंश त्याच्या रक्तात डोकं दुखू लागण्याच्या कित्येक आठवडे आधीच सापडू शकतात. पट्टीवरची तपासणी आहे, दहाएक मिनिटांत उत्तर मिळतं. ती करायची की नाही, हे 60 हा आकडा पाहूनच ठरतं.